समानार्थी शब्दांचा शेजार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त एचएसआर लेआउट, बेंगळुरू येथे सभासद कुटुंबांपुढे दिलेले भाषण)



मंडळाने आपल्या पन्नासाव्या वर्षी माझ्यासारख्या सरकारी माणसाला बोलायला उभे केले, हा मी माझा बहुमान समजतो. विषय आपल्यापैकी काही पालकांनीच सुचविला: रोजच्या वापरातील साध्या शब्दांना पर्यायी शब्द शिकून मुलांचे इंग्रजी शब्दभांडार कसे वाढवावे. मी भाषाशास्त्रज्ञ नव्हे आणि अध्यापकही नव्हे. बी. ए. झाल्यावर केंद्र सरकारच्या सेवेत आलो, आणि तेव्हापासून दुसऱ्यांचे मसुदे तपासणे व आपले मसुदे वरिष्ठांकडून तपासून घेणे यातच आयुष्याचा बराच भाग गेला. त्यामुळे शब्द मोजून वापरण्याची सवय जडली, एवढेच माझे भांडवल.

आपण राहतो त्या वस्तीचे नावच आद्याक्षरांचे आहे. होसूर आणि सर्जापूर या दोन गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरून एचएसआर ही अक्षरे आली. येथील घराघरांत सध्या एक दृश्य सामान्य झाले आहे. शाळेतून कागद येतो. डाव्या बाजूस 'गुड', 'बिग', 'सॅड', 'हॅपी', 'वॉक' असे शब्द आणि उजव्या बाजूस प्रत्येकाचे चार-चार पर्याय. मूल ते पाठ करते, परीक्षेत लिहिते आणि विसरते. पालकांना वाटते की साधा शब्द टाकून त्याच्या जागी वजनदार शब्द बसविला म्हणजे इंग्रजी सुधारले. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. समानार्थी शब्द हे एकमेकांच्या जागी बसवायचे सुटे भाग नव्हेत. ते एकमेकांचे शेजारी आहेत. प्रत्येकाचे घर वेगळे, कुंपण वेगळे आणि स्वभावही वेगळा. हा शेजार मुलाला प्रथम मातृभाषेत कळला, तर इंग्रजीत तो फार लवकर कळतो. आणि मातृभाषेत तो मोडला, तर इंग्रजीतील यादी कितीही पाठ केली तरी ती अंगी लागत नाही.

प्रथम शेजार म्हणजे काय ते पाहू. 'आज्ञा', 'हुकूम' आणि 'आदेश' हे तीन शब्द कोशात एकमेकांचे अर्थ म्हणून सापडतील. परंतु वडिलांची आज्ञा असते, साहेबाचा हुकूम असतो आणि शासनाचा आदेश असतो. 'वडिलांचा आदेश मिळाला' असे कोणी म्हणाले, तर त्या घरात काही तरी बिनसले आहे असे ऐकणाऱ्यास वाटेल. इंग्रजीतही तेच. 'बिगिन', 'स्टार्ट' आणि 'कमेन्स' यांचा अर्थ एकच सांगतात. पण मोटार 'स्टार्ट' होते, ती 'कमेन्स' होत नाही. 'बिग' आणि 'लार्ज' सख्खे भाऊ. पण थोरल्या भावाला 'बिग ब्रदर' म्हणतात, 'लार्ज ब्रदर' म्हटल्यास त्याच्या देहयष्टीवर टीका होते. मुलाने यादी बिनचूक पाठ केली असूनही वाक्य चुकते ते येथे.

हा फरक केवळ शैलीचा असता तर मी आपला वेळ घेतला नसता. कधी कधी दोन समानार्थी शब्दांमधल्या अंतरात माणसाची भाकरी अडकलेली असते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना लागू असलेले १९६५ चे वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियम पाहा. त्यातील अकराव्या नियमात शिक्षांची यादी आहे. 'सेन्शर' म्हणजे ठपका. ही किरकोळ शिक्षांमधील पहिली शिक्षा. 'वॉर्निंग' म्हणजे ताकीद. ती या यादीत नाही. सामान्य माणसाला ठपका काय आणि ताकीद काय, दोन्ही बोलणीच. पण कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकाच्या दृष्टीने एक शिक्षा आहे आणि दुसरी नाही. याच यादीच्या शेवटी 'रिमूव्हल' आणि 'डिसमिसल' असे दोन शब्द येतात. दोहोंचा मराठी अर्थ आपण 'नोकरीवरून काढणे' असाच करू. परंतु पहिल्या शिक्षेनंतर माणूस सरकारी नोकरीस पुन्हा अपात्र ठरत नाही, आणि दुसरीनंतर तो सर्वसाधारणपणे ठरतो. एका शब्दाने दार लोटले जाते, दुसऱ्याने त्याला कुलूप लागते. मसुदा लिहिणाऱ्याने 'तोच शब्द पुन्हा नको' म्हणून येथे पर्याय वापरला, तर ती शैली होत नाही, अनर्थ होतो.

आता इंग्रजीत इतके पर्याय आले कोठून, हे थोडक्यात सांगतो. कारण ते कळले की यादी पाठ करण्याचे निम्मे कष्ट वाचतात. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. पुढे दीर्घकाळ राजदरबाराची व न्यायालयाची भाषा फ्रेंच राहिली, शेतकऱ्याची इंग्रजीच राहिली, आणि धर्मपीठ व विद्यापीठ यांची लॅटिन होती. या तीन थरांचे शब्द एकाच भाषेत साचले. 'आस्क' हा घरचा शब्द, 'क्वेश्चन' फ्रेंचांकडून आलेला आणि 'इंटरॉगेट' लॅटिनचा. तसेच 'किंगली', 'रॉयल' आणि 'रीगल'. 'राइझ', 'माउंट' आणि 'असेंड'. पहिला शब्द जवळचा वाटतो, दुसरा प्रतिष्ठित आणि तिसरा ग्रांथिक. वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या १८१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत एक विदूषक याची मौज सांगतो: गुराख्याच्या हाती असेपर्यंत जनावराचे नाव इंग्रजी असते आणि सरदाराच्या ताटात गेले की तेच फ्रेंच होते. शेतातले 'शीप' ताटात 'मटन' होते आणि 'काफ'चे 'व्हील' होते.

बंधुभगिनींनो, हे ऐकून आपल्याला आपलेच काही आठवले पाहिजे. कारण मराठीचीही घडण थरांचीच आहे. सर्वांत खाली संस्कृत व प्राकृतातून झिजत आलेले घरगुती शब्द. त्यांच्या शेजारी थेट संस्कृतातून घेतलेले ग्रांथिक शब्द. आणि सुलतानी अमलात दप्तरातून आलेले फारसी-अरबी शब्द. 'आठवण', 'स्मृती' आणि 'याद'. 'विनंती', 'प्रार्थना' आणि 'अर्ज'. कुणबी नांगरतो ते 'शेत' असते. तेच तलाठ्याच्या दप्तरात गेले की 'जमीन' होते. नांगर, पेरणी, मळणी हे सारे घरचे. आणि कागद, दप्तर, वसूल, मुदत, जामीन, फिर्याद हे दरबारचे. स्कॉटचा विदूषक आपल्या चावडीवर येऊन बसला असता तर त्याला बोलायला विषय कमी पडला नसता!

यात आणखी एक थर आहे, आणि तो आपण राहतो त्या भूमीचा आहे. 'शोधणे' यास 'हुडकणे' हा आपला खास पर्याय. तो कन्नड 'हुडुकु'चा भाऊ आहे. आपले 'तूप' ते येथील 'तुप्प', आणि अडकित्त्यातील 'अडके' म्हणजे कन्नडातील सुपारी. अण्णा आणि अक्का यांची तर ओळख करून द्यायलाच नको. आपल्या मुलांना कन्नड परकी वाटू नये, याचे हे साधे कारण त्यांना घरीच सांगता येईल. आणि हा शेजार आजचा नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या येथील दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त आहे, आणि तो दरबार बहुभाषिक होता. शहाजीराजांच्या कर्नाटकातील कारभारात असलेल्या हणमंते घराण्यातील रघुनाथपंतांचे नाव पुढे एका कोशाशी निगडित झाले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेला तो 'राज्यव्यवहारकोश'. राज्यकारभारातील सुमारे चौदाशे फारसी व दक्षिणी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश ही आपल्याकडे एके काळी राज्यस्थापनेची बाब होती.

त्याही मागे गेलो तर अमरसिंहाचा 'अमरकोश' आहे. सुमारे दीड हजार श्लोक, तीन कांडे आणि विषयवार वर्ग. देव, पाणी, पर्वत, वनस्पती, माणूस असे एकेक क्षेत्र घेऊन त्यातील समानार्थी शब्द पद्यात गुंफलेले. पिढ्यान्‌पिढ्या मुले तो पाठ करीत. इंग्रजीत याच स्वरूपाचे काम पीटर मार्क रॉजे या वैद्यकव्यवसायी गृहस्थाने केले. त्याचा 'थिसॉरस' १८५२ मध्ये, त्याच्या वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यानेही अकारविल्हे न जाता विषयवारच रचना केली. 'थिसॉरस' या मूळच्या ग्रीक शब्दाचा अर्थ खजिना, आणि 'कोश' या शब्दाचाही अर्थ खजिनाच, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आज हा खजिना प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत आहे. बोट लावताच वीस पर्याय हजर होतात. परंतु त्यांतील कोणता कोठे शोभतो हे ठरविणारा कान यंत्रासोबत मिळत नाही. तो घरीच तयार करावा लागतो.

येथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो, आणि जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नये.

आपल्या घरांतून एक नवीन क्रियापद रूढ झाले आहे: 'कट करणे'. भाजी कट करतात, केस कट करतात, फोन कट करतात आणि पगारही कट होतो. मराठीत भाजी चिरतात, सुपारी कातरतात, काकडी चोचवतात, गाजर किसतात, नारळ खवतात, पाने खुडतात, फांदी छाटतात, ऊस तोडतात, लाकूड फोडतात. ही नऊ क्रियापदे म्हणजे नऊ निरनिराळ्या कृती आहेत. हात वेगळा, हत्यार वेगळे, परिणाम वेगळा. इंग्रजीतही यांना स्वतंत्र शब्द आहेत. चिरणे ते 'चॉप', किसणे ते 'ग्रेट', खुडणे ते 'प्लक', छाटणे ते 'प्रून', लाकूड फोडणे ते 'स्प्लिट'. ज्या मुलाने आजीला खुडताना आणि बागवानाला छाटताना पाहिले आहे आणि त्या वेळी ते दोन शब्द ऐकले आहेत, त्याच्या मनात दोन खण तयार असतात. 'प्लक' आणि 'प्रून' आले की ते आपापल्या खणात जाऊन बसतात. ज्याच्या मनात 'कट करणे' असा एकच मोठा खण आहे, त्याला हे पाच शब्द म्हणजे एकाच वस्तूची पाच नावे वाटतात, आणि मग 'शेवटी कट म्हणजे कटच' असे म्हणून तो चार टाकून देतो.

'वॉश करणे' याचीही तीच कथा. भांडी घासतात आणि मग विसळतात, फरशी पुसतात, कपडे धुतात, चूळ भरतात, गुळण्या करतात. इंग्रजीत 'स्क्रब', 'रिन्स', 'मॉप', 'गार्गल' हे शब्द याच फरकासाठी आहेत. आपण समजतो की मराठी वाक्यात इंग्रजी शब्द घातल्याने मुलाचे इंग्रजी वाढते. प्रत्यक्षात त्याचे इंग्रजीतील सर्वांत ढोबळ असे चाळीस-पन्नास शब्द पक्के होतात, आणि त्या प्रत्येकाखाली मराठीतील पाच-सहा नेमके शब्द गाडले जातात. मराठी जाते आणि इंग्रजीही येत नाही. मुलांचे दोन्हीकडून नुकसान करणारा असा व्यवहार आपण मोठ्या हौसेने करीत आहोत.

याची किंमत केवळ परीक्षेतील गुणांची नाही. दुखण्याचे उदाहरण घ्या. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. वेदनेचे वर्णन करणारे अठ्ठ्याहत्तर शब्द त्यांनी वीस गटांत मांडले. रुग्णाने त्यांतून आपल्या दुखण्याचे शब्द निवडायचे. वेदना किती आहे एवढ्यानेच भागत नाही. ती कशी आहे हे सांगणारा शब्दही वैद्याला निदानाकडे नेतो, हे त्यामागचे तत्त्व. आता आपली मराठी पाहा. ठणका, कळ, चमक, पेटका, मुरडा, सल, चुरचुर, हुळहुळ, आग, मुंग्या, जडपणा! ही संपत्ती आपल्या आजीकडे होती. ठणकणे म्हणजे 'थ्रॉबिंग', पेटका म्हणजे 'क्रॅम्प', चुरचुरणे म्हणजे 'स्टिंगिंग', मुंग्या येणे म्हणजे 'टिंगलिंग', हात लावताच हुळहुळणारा भाग म्हणजे 'टेंडर'. या शहरात आपण आई-वडिलांना घेऊन रुग्णालयात जातो, तेव्हा डॉक्टर बहुधा मराठी जाणत नसतात. वडील म्हणतात, "सकाळपासून डाव्या खांद्यात कळ येते, हाताला मुंग्या येतात." शेजारी उभा असलेला नातू डॉक्टरांना सांगतो, "ही हॅज पेन." वाक्य व्याकरणदृष्ट्या बिनचूक आहे, परंतु आजोबांनी सांगितलेले सारे महत्त्वाचे त्यात गळून गेले. नातवाला इंग्रजी कमी येते म्हणून ते गळाले नाही. 'कळ' आणि 'मुंग्या' हे दोन शब्द त्याच्या कानांना केवळ आवाज वाटले, म्हणून गळाले.

याचा अर्थ दोन्ही भाषांचे खण तंतोतंत जुळतात असा मात्र नव्हे. चालण्याचे प्रकार इंग्रजी क्रियापदांतून सांगते आणि मराठी बहुधा नादानुकारी शब्दांतून. तान्हे मूल दुडुदुडु चालते, तेथे इंग्रजीत 'टॉडल'; ढांगा टाकीत जाणाऱ्यास 'स्ट्राइड'; पाय ओढत, थकून चालणाऱ्यास 'ट्रज'. बारीक माणसाच्या बाबतीत मराठीचा हात सढळ आहे: सडपातळ, शेलाटा, किडकिडीत, हडकुळा, काटक, रोडावलेला. यांतील 'सडपातळ' म्हणजे 'स्लिम' आणि 'काटक' म्हणजे 'वायरी'; पहिल्यात सौंदर्य आहे, दुसऱ्यात चिवटपणा. 'भीड' या शब्दाला इंग्रजीत एका शब्दाचा पर्याय मला आजवर गवसलेला नाही, आणि 'प्रायव्हसी'ला रोजच्या बोलण्यात रुळलेला मराठी शब्द अद्याप व्हायचा आहे. मुलांशी अशा जुळणाऱ्या व न जुळणाऱ्या जोड्यांविषयी बोलावे. त्यांना त्यात कोड्यासारखी गोडी वाटते.

आता काही व्यवहारोपयोगी सूचना करतो.

पहिली सूचना अशी, की पर्यायी शब्द कधीही एकटा शिकवू नये. त्याच्या शेजाऱ्यासह आणि वाक्यासह शिकवावा. 'सी', 'लुक' आणि 'वॉच' यांचा भेद सांगताना 'दिसणे', 'बघणे' आणि 'लक्ष ठेवून पाहणे' हे शब्द समोर ठेवावेत. 'स्टेअर' शिकविताना 'टक लावणे', 'ग्लान्स' शिकविताना 'ओझरते पाहणे' हे सांगावे. दोन मिनिटांचे काम आहे.

दुसरी सूचना 'व्हेरी' या शब्दाविषयी. मुलाने 'व्हेरी टायर्ड' लिहिले तर त्याला विचारावे, फार दमलेल्याला मराठीत काय म्हणतात? 'गळून गेलेला', 'थकून भागलेला'. मग 'एक्झॉस्टेड' शोधायला तो आपण होऊन कोश उघडेल. 'फार' आणि 'व्हेरी' हे शब्द जेथे येतात तेथे बहुधा नेमका शब्द सापडलेला नसतो.

तिसरी सूचना मी आग्रहाने करतो. जेवणाच्या वेळी अर्धा तास 'करणे' या क्रियापदाला इंग्रजी शब्द जोडायचा नाही, असा घरोघर नियम करून पाहावा. 'फिनिश कर' नव्हे, 'संपव'; 'मिक्स कर' नव्हे, 'कालव'. मोठ्यांना हे मुलांपेक्षा जड जाईल, आणि त्यातच मुलांची करमणूक आहे.

चौथी सूचना मोठ्या शब्दांचा मोह आवरण्याची. साधा शब्द पुरेसा असेल तेथे तोच वापरावा. 'घर जळाले' हे वाक्य पुरेसे आहे. तेथे 'गृह भस्मसात झाले' म्हटल्याने आग वाढत नाही. पर्याय ठाऊक असावेत ते निवडीसाठी. ज्याला पाच शब्द येतात आणि तरीही जो त्यांतून साधाच शब्द निवडतो, त्याचे लिहिणे निराळेच उमटते.

पाचवी सूचना मंडळाला. आपल्या ग्रंथालयात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश असावा. १८३१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली आणि १८५७ मध्ये वाढविलेली दुसरी. सुमारे साठ हजार मराठी शब्दांचे इंग्रजी अर्थ त्यात आहेत. एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मराठी शब्दांचे बारकावे टिपण्यासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली. 'ठणका' आणि 'कळ' यांत भेद काय, हे इंग्रजीत समजावून घ्यायचे तर आजही त्याच्याइतका वाटाड्या विरळा. सोबत दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात विभाग असावेत. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. तरीही पाने उलटताना शेजारच्या शब्दावर सहज नजर पडते, हा लाभ छापील ग्रंथाचाच.

मित्रहो, आपण महाराष्ट्रापासून दूर आलो ते पोटासाठी, आणि इंग्रजी आपल्या मुलांच्या पोटाची भाषा आहे. तिचा दुस्वास करणे मला मान्य नाही; मी स्वतः त्या भाषेचे मीठ खातो. माझे सांगणे इतकेच, की इंग्रजी शब्दांचे भांडार बांधायचे तर त्याचा पाया घरात आधीच भरलेला आहे. ज्या घरात आजी अद्याप 'विसळ', 'निथळ', 'खुड', 'निवड' असे म्हणते, त्या घराला शिकवणीची निम्मी गरज नाही. तिला थांबवून 'क्लीन कर म्हण, त्याला कळत नाही' असे कृपा करून सांगू नका. त्याला कळत नसेल तर तिला पुन्हा म्हणू द्या, आणि हाताने करून दाखवू द्या.

 मंडळाची शतकाकडे होणारी वाटचाल यशस्वी होवो, अशी प्रार्थना करून माझे भाषण संपवितो.